आवारातून जाणारी वाट खरेदीखतातही उतरली पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात कोकणातल्या जुन्या घरांच्या आणि जागांच्या विक्रीच्या जाहिराती नियमाने येतात. 'डांबरी रस्त्यालगत', 'बारमाही विहीर', 'चारही बाजूंनी चिरेबंदी कुंपण', 'क्लिअर टायटल' ही त्यांतली भाषा वाचकांना आता तोंडपाठ झाली असेल. त्या जागेतून गावाची वाट जाते की नाही, हे मात्र एकाही जाहिरातीत लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. जाहिरातीत नसते हे एक वेळ समजू शकते, कारण जाहिरात माल खपवण्यासाठीच असते. पण तीच गोष्ट साठेखतात नसते, नोंदणीकृत खरेदीखतातही नसते, आणि मग घर घेऊन वर्ष उलटायच्या आत नवा मालक आणि वाडी यांच्यात जो तंटा उभा राहतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या न लिहिण्यात सापडते. भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामात माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर संगमेश्वर तालुक्यात आम्ही जे जुने घर घेतले त्याच्या आवारातूनही अशीच एक वाट जाते. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे.

देशावरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. देशावर गावठाण एका जागी, दाट वस्तीचे, आणि शेते त्याच्या भोवती अशी साधारण मांडणी असते; तेथे तंटा होतो तो पाणंदीवरून आणि बांधावरच्या रस्त्यावरून. कोकणात घरे वाड्या-वाड्यांत, डोंगराच्या उतारावर, वरकस (डोंगराळ, हलक्या) आणि बागायतीच्या सर्व्हे नंबरांतच विखुरलेली असतात. एका घराचे खळे (अंगण) संपते तेथे दुसऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) सुरू होतो, आणि वरच्या वाडीतून खालच्या वाडीत, तेथून पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाकडे, म्हणजे छोट्या पुलाकडे, साकवावरून शाळेकडे किंवा एसटीच्या थांब्याकडे जाणारी पाखाडी अशा कित्येक आवारांतून वळणे घेत गेलेली असते. ती कोणी आखलेली नसते. पाय पडत गेले, मग कोणीतरी जांभ्याचे चिरे टाकून पायऱ्या केल्या, मग एखाद्या वर्षी ग्रामपंचायतीने किंवा आमदार निधीतून सिमेंट घातले, एवढाच तिचा इतिहास. विहिरीवर जायचे ते तिच्यावरून, रेशन आणायचे ते तिच्यावरून, रात्री-अपरात्री आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत न्यायचे तेही तिच्यावरूनच, आणि शेवटचा प्रवासही बहुधा त्याच वाटेने होतो. वरपर्यंत गाडीरस्ता आलेल्या वाड्यांत यातली काही कामे आता सुटली आहेत, पण सगळ्या वाड्यांपर्यंत गाडीरस्ता आलेला नाही.

आमच्या घराची पाखाडी वरच्या डांबरी रस्त्यावरून उतरते, बेड्यातून (फाटकातून) आवारात शिरते, पडवी आणि गोठा यांच्या मधून जाते आणि फणसाच्या उजव्या अंगाने खालच्या वाडीत पोचते. जागा पाहायला गेलो तेव्हा मला ती दिसली, कारण अशा गोष्टी पाहण्याचीच मला सवय. मधल्या पायऱ्यांचे चिरे दोन्ही कडांना उभे आणि मध्ये बशीसारखे झिजलेले होते, आणि एका घरातल्या माणसांच्या जाण्यायेण्याने जांभा इतका झिजत नाही. जागेचे मालक मुंबईहून आले होते. मी वाटेबद्दल विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, ती कसली वाट! आपलीच माणसं जातात-येतात." आपली म्हणजे कोणाची, असे विचारले तर म्हणाले, "वाडीतलीच हो. नाहीतर मग शाळेची पोरं. आणि शिमग्यात पालखी." त्यांना काही लपवायचे होते असे मला अजूनही वाटत नाही. ज्या गोष्टीत जन्म गेला ती गोष्ट कागदावर लिहायची असते, हे त्यांच्या मनातच आले नव्हते. विकणाऱ्याला ती वाट म्हणजे वारा-पाऊस वाटते आणि शहरातून आलेल्या घेणाऱ्याला ते अतिक्रमण वाटते. मधल्या मध्ये खरेदीखत कोरे राहते.

खरेदीखताची आपली जुनी भाषा तशी फार उदार आहे. मिळकत विकताना ती 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' विकली जाते, म्हणजे जमिनीखाली कोणी हंडा पुरून ठेवला असेल तर तोही घेणाऱ्याचा, असे आपण लिहून घेतो. 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह' असेही शब्द असतात, पण ते आपल्याला दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा जो हक्क आहे त्यापुरते. दुसऱ्यांना आपल्या जमिनीतून जाण्याचा जो हक्क आहे, त्याबद्दल त्या दस्तात चकार शब्द नसतो. उलट 'सदर मिळकतीवर कोणाचाही कसलाही हक्क, बोजा वा हितसंबंध नाही' असे वाक्य मात्र छापील नमुन्यातून जसेच्या तसे उतरते. आवारातून गावची वाट जात असेल तर हे वाक्य खोटे असते, आणि ते खोटे आहे हे त्या गावात लिहून घेणारा, म्हणजे विकत घेणारा, सोडून सगळ्यांना माहीत असते.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला म्हणजे काम झाले, असे घेणाऱ्याला वाटते. सर्च रिपोर्ट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदलेल्या दस्तांवरून तयार होतो. वापराने निर्माण झालेल्या वहिवाटीचा दस्त कधी झालेलाच नसतो, त्यामुळे तो तेथे सापडणार नाही. सातबाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यात कूळ दिसते, बँकेचा बोजा दिसतो, विहिरीतला हिस्साही कधी कधी दिसतो, पण पाखाडी क्वचितच दिसते. म्हणून सातबारा स्वच्छ आहे याचा अर्थ वाट नाही असा काढू नये. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, आणि पायाखालच्या वाटेवर सरकारने महसूल कधी घेतला नाही.

मग वाट कागदावर शोधायची कोठे? पहिला कागद म्हणजे गावनकाशा. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. ही एकेरी रेषा तुमच्या सर्व्हे नंबरातून जात असेल तर ती वाट मूळ मोजणीच्या वेळीसुद्धा इतकी रुळलेली होती की मोजणीदाराला ती दाखवावी लागली, असे समजावे. दुसरी खूण सातबारावरच असते, पण ती वाचली जात नाही. पोटखराब, म्हणजे लागवडीखाली न धरलेल्या, क्षेत्राचे 'अ' आणि 'ब' असे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे खडकाळ किंवा लागवडीला निरुपयोगी जमीन, आणि 'ब' म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, तळे, ओढा, दफनभूमी अशा सार्वजनिक कारणासाठी राहिलेली जमीन. सातबारावर वर्ग 'ब'खाली एखादा गुंठाही दिसला तर तो कशाचा, हे तलाठ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरा कागद ग्रामपंचायतीत असतो. ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही म्हणजे नमुना नंबर २३. कोकणात कोणत्याही रस्त्याची गोष्ट निघाली की 'तेवीस नंबरला आहे का?' हा प्रश्न पहिल्यांदा येतो. वाट तेवीस नंबरला असेल आणि तिच्यावर सार्वजनिक निधी खर्च झालेला असेल, तर ती खासगी आहे असे पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते. यांच्या जोडीला मोजणी करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्यावी, आणि मोजणीच्या दिवशी जागेवरची वहिवाट नकाशात दाखवण्याची विनंती भूकरमापकाला लेखी करावी. आमच्या खात्यात हे काम अर्जात मागितले तर होते. न मागता होईलच असे नाही.

आणि या सगळ्या कागदांपेक्षा सोपा उपाय म्हणजे जागा सुट्टीच्या दिवशी दुपारी न पाहता शाळा भरायच्या वेळेला, तीही पावसाळ्यात पाहावी. मे महिन्यात गवत वाळलेले, पोरे सुट्टीवर, तेव्हा वाट निजलेली असते. आषाढात तिच्यावर चिखलाची पावले असतात आणि दप्तरे घेतलेली रांग असते. जागा दाखवणारे एजंट मे महिन्याचा आग्रह का धरतात, याचे हे एक कारण असू शकेल, अर्थात आंबे हे दुसरे.

आता कायद्याकडे येतो, कारण याविषयी दोन्ही बाजूंना अर्धवट माहिती असते. वाटेचे हक्क ढोबळमानाने तीन तऱ्हेचे. एक, शेजारच्या मिळकतीच्या मालकाला तुमच्या जमिनीतून जाण्याचा हक्क. हा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याखाली येतो. कलम १५ प्रमाणे अशी वाट शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापरली गेली तर तो हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर हीच मुदत ३० वर्षांची. दुसऱ्याने परवानगी घेऊन वाट वापरली असेल तर तो वापर हक्काचा होत नाही. दोन, रूढीचा हक्क. याच अधिनियमाचे कलम १८ स्थानिक रूढीने मिळालेला सुविधाधिकार मान्य करते. तीन, सर्वसाधारण जनतेचा हक्क, ज्याचा कोणा एकाच्या मिळकतीशी संबंध नसतो. हा १८८२ च्या अधिनियमाच्या बाहेरचा आहे, आणि त्या अधिनियमानेच कलम २ मध्ये आपण त्याला हात लावत नाही असे सांगून ठेवले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. आवारातली पाखाडी या तीनपैकी कोणत्या तऱ्हेची, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. दोन शेजाऱ्यांचा हक्क ते दोघे आपसात समजुतीने सोडू शकतात. गावाचा हक्क वाडीतल्या चार जणांच्या सह्या घेऊन सुटत नाही. 'आम्ही सगळ्यांची संमतीपत्रे घेतली आहेत' असे अभिमानाने सांगणारे नवे मालक मी पाहिले आहेत. सह्या करणाऱ्यांनी सोडून द्यावा असा तो हक्क त्यांच्या एकट्याचा नव्हताच, हे या मालकांना कोणी सांगितलेले नसते.

घेणाऱ्याला विकणाऱ्याविरुद्ध दाद मिळेल का, हा प्रश्नही मला अनेकदा विचारला जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, पण तो दोष विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात न येणारा असावा लागतो. पाच फूट रुंदीची, पायऱ्या झिजलेली, सिमेंट घातलेली पाखाडी साधारण काळजीने लक्षात येत नाही, असे न्यायालयापुढे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

याच ठिकाणी एका सल्ल्याचा उल्लेख करणे भाग आहे. जागांच्या व्यवहारातली काही मंडळी नव्या मालकाला सांगतात की, 'एकदा गेट बसवा आणि सहा महिने गप्प राहा, मग कोणी काही करू शकत नाही.' या सल्ल्याला आधार आहे तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदारांकडे दावा लावता येतो, आणि तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, हे खरे आहे. शिमग्याला गावी आलेले चाकरमानी गेट पाहतात, भांडतात, परत मुंबईला जातात, गणपतीत पुन्हा येऊन पुन्हा भांडतात, तोवर मुदत संपायला आलेली असते. पण ती मुदत त्या एका सोप्या आणि जलद उपायाची आहे, हक्काची नाही. दिवाणी न्यायालय तेथेच असते. शिवाय वाट सार्वजनिक असेल तर तिच्यातला अडथळा दूर करण्याचा सशर्त आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ म्हणजे हेच. मालकाने तेथे 'वाट सार्वजनिकच नाही' असा विश्वसनीय पुरावा आणला तर मात्र तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे जातो.

वाडीलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २० वर्षांच्या वापराने मिळालेला हक्क सांगायचा असेल तर तो वापर दावा लावण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आतपर्यंत चालू असावा लागतो. म्हणजे गेट बसल्यावर 'बघू, देव आहे' म्हणून तीन-चार वर्षे दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमांतून आडवाटेने जात राहिले तर हा आधार हातचा जाऊ शकतो, मग पणजोबांपासून चालत आल्याचे कितीही साक्षीदार आणले तरी. आणि शेतरस्त्यासाठी ज्या तरतुदी आहेत, म्हणजे वर सांगितलेला १९०६ चा अधिनियम किंवा बांधावरून रस्ता देण्याचे महसूल संहितेचे कलम १४३, त्या मुख्यतः शेतजमिनी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आहेत. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांच्या रुंदीबाबत आणि त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याबाबत जो निर्णय केला, त्याचा रोखही ट्रॅक्टर आणि शेती अवजारांकडे आहे. तो निर्णय चांगलाच आहे. पण घराच्या पडवीला लागून जाणाऱ्या पाच फुटी पाखाडीला ना ट्रॅक्टर लागतो, ना तिच्या टोकाला शेत असते. तिच्या टोकाला माणसे राहतात. तिची नोंद त्या निर्णयाच्या ओघात आपोआप होईल असे कोणी गृहीत धरू नये.

मालकाची बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. घराच्या पडवीसमोरून दिवसभर माणसे जाणे हे प्रत्येकाला मानवेल असे नाही. आंब्याच्या हंगामात ज्याने राखणीला गुरखा ठेवला आहे त्याला कलमांतून जाणाऱ्या वाटेची धास्ती वाटणारच. आणि वाट वापरणारेही नेहमी मर्यादेत राहतात असे नाही. पायवाट होती तिच्यावरून आधी सायकल, मग मोटारसायकल, मग 'पायऱ्या काढून रॅम्प करा' अशी मागणी, मग तीनचाकी टेम्पो, हा क्रम मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. कायदा येथे मालकाच्या मागे उभा आहे. ज्या मिळकतीवर वाटेचा भार आहे तिच्या मालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीनेच सुविधाधिकार वापरला पाहिजे, असे १८८२ च्या अधिनियमाचे कलम २२ सांगते, आणि त्याखालचा दाखला तर मोजणीदाराच्या मनासारखा आहे: 'ब'च्या शेतातून 'अ'ला वाटेचा हक्क असेल तर 'अ'ने वाटेच्या दोन टोकांपैकी एका टोकानेच शिरले पाहिजे, मध्येच कोठून तरी नाही. पायी वहिवाट म्हणजे पायी वहिवाट. मालकाने दोन्ही कडांना गडगा घालून वाट बंदिस्त करावी, आपले खळे वेगळे करावे, ढोरे शिरू नयेत म्हणून उघडता येणारे बेडे ठेवावे. वाट चालू राहते तोवर यातल्या कशालाही सहसा हरकत येऊ नये. कुलूप घातले की प्रश्न बदलतो.

वाट थोडी सरकवायची असली तरी मार्ग आहे. आमच्या तालुक्यातच एका गृहस्थांनी घराची मागची बाजू वाढवताना पाखाडी वीसेक फूट बाजूला घेतली. त्यांनी आधी नवी वाट बांधली, पायऱ्या जुन्यापेक्षा रुंद केल्या, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्यावरून चालवून पाहिले, मग ग्रामसभेत विषय मांडून ठराव घेतला, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत दुरुस्ती करवून घेतली, नव्या वाटेपुरते नोंदणीकृत लेखी करून दिले, आणि त्यानंतर जुनी वाट मोडली. या क्रमात जुनी वाट शेवटी मोडली हे महत्त्वाचे. उलटा क्रम करणाऱ्यांची प्रकरणे तहसील कार्यालयात पडलेली असतात.

याहून वेगळा आणि जास्त काळजीचा प्रकार प्लॉटिंगचा आहे. एकट्या घराचा मालक निदान तेथे राहतो, त्याला कोणी भेटून बोलू शकते. डोंगरउताराचे पाच-सहा एकर घेऊन, बिनशेती करून, जेसीबीने टप्पे पाडून जेव्हा प्लॉट विकले जातात, तेव्हा पाखाडी एका सकाळी नाहीशी होते; तिचे चिरे भरावात जातात आणि झिजलेल्या पायऱ्यांचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. मंजूर आराखड्यात अंतर्गत रस्ते दाखवलेले असतात, पण ते प्लॉटधारकांसाठी. ज्याने तेथे प्लॉट घेतला त्याला आपल्या भिंतीखालून कधी वाट जात होती हे कळायला मार्गच नसतो, आणि वाडीतला माणूस भांडायला येतो तो याच निरपराध माणसाच्या दारात. प्लॉटिंगच्या आराखड्याला मंजुरी देताना जागेची पाहणी व्हावी. त्या पाहणीत जुन्या वाटांचा स्वतंत्र रकाना असावा आणि ग्रामपंचायतीने तो सही करून भरावा, ही मागणी अवाजवी नाही.

शिमग्याच्या पालखीचा मी वर उल्लेख केला, त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण शहरातून आलेल्या माणसाला सर्वांत अनपेक्षित असते ते हे. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते आणि तिचा मार्ग ठरलेला असतो. तो मार्ग एखाद्याच्या आवारातून असेल तर त्या रात्री ढोल-ताशांसह शंभर-दोनशे माणसे तेथून जाणार. वर्षातून एकदा होणारा हा वापर हक्काचा की आदराचा, याचा काथ्याकूट मी करणार नाही. मात्र पाखाडी अडवली तर वाडीतली चार घरे तक्रार करतात आणि पालखी अडवली तर गाव उभा राहतो, हा अनुभव आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी मानकरी आधी विचारायला आले होते, 'अण्णा, पालखी इथूनच येते, यंदा आणू ना?' असे. विचारायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी विचारले, आणि तेवढ्याने आमच्या घरातली सगळी कुरकूर संपली.

आपले अनेक वाचक इंग्लंडमध्ये राहतात आणि त्यांतल्या काहींनी तेथे खेड्यात घरेही घेतली असतील. त्यांना हा प्रश्न तेथे कसा हाताळला जातो ते ठाऊक असेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या एका कायद्याने स्थानिक प्राधिकरणांना सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करणे बंधनकारक केले. त्या नकाशावर पायवाट असली की तिचे अस्तित्व निर्णायकपणे सिद्ध मानले जाते, घर विकले गेले तरी ती राहते, आणि घर घेताना सॉलिसिटर स्थानिक प्राधिकरणाकडे जो शोध घेतो त्यात या पायवाटांची चौकशी होते. आपल्याकडे नेमका याच नकाशाचा अभाव आहे. मात्र त्यांच्या अनुभवातला एक धडा उलटाही आहे. नकाशावर न आलेल्या जुन्या वाटांची नोंद मागण्यासाठी २००० च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरवली होती. त्या तारखेच्या धाकाने अर्जांचे ढीग साचले, मुदत २०३१ पर्यंत ढकलावी लागली, आणि २०२४ च्या अखेरीस तेथील सरकारने ही मुदतच रद्द करण्याचे जाहीर केले. म्हणून आपल्याकडे नोंदीचे काम हाती घेताना 'अमुक तारखेपर्यंत नोंद नसेल तर वाट नाही' असा नियम कोणी सुचवला, तर त्याला विरोध व्हावा. ज्या वाडीतले निम्मे लोक मुंबईत आणि उरलेले साठीच्या पुढचे, तिची वाट अशा तारखेला पहिली जाईल.

आता आमच्या खरेदीखतात काय लिहिले ते सांगतो, कारण नमुना म्हणून कोणाला उपयोगी पडेल. 'सदर मिळकतीच्या उत्तर हद्दीकडून दक्षिण हद्दीकडे जाणारी, सुमारे पाच फूट रुंदीची, सोबतच्या नकाशात अ-ब रेषेने दाखविलेली पाखाडी वाडीतील रहिवासी व गावकरी यांच्या पायी वहिवाटीत पूर्वापार असून ती तशीच चालू राहील. ही बाब लिहून घेणार यांनी समजून घेतली आहे.' दस्त तयार करणाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, हे घालू नका, उद्या तुम्हाला विकायची झाली तर गिऱ्हाईक बिचकेल." बिचकू द्या, असे मी म्हणालो. जो वाटेचे वाक्य वाचून बिचकतो त्याने ती जागा न घेणेच त्याच्या आणि वाडीच्या हिताचे आहे, आणि जो वाचून घेतो त्याच्याशी माझ्या वारसांचा पुढे तंटा होणार नाही. त्या एका वाक्यात रुंदी आली, दिशा आली, 'पायी' हा शब्द आला. म्हणजे वाडीची वाट राखली गेली आणि उद्या कोणी टेम्पो घेऊन आला तर मला दाखवायला कागदही राहिला. यासाठी वेगळे मुद्रांक शुल्क लागले नाही.

आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच की, घर-जागेच्या पुरवणीत खरेदीपूर्व तपासणीची जी यादी अधूनमधून छापली जाते, तिच्यात सातबारा, फेरफार आणि सर्च रिपोर्ट यांच्या जोडीला गावनकाशा, पोटखराब वर्ग 'ब' आणि ग्रामपंचायतीचा नमुना २३ यांचा समावेश व्हावा. आणि कोकणातल्या ग्रामपंचायतींना विनंती अशी की, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वाड्यांच्या पाखाड्यांची नोंद हा विषय घ्यावा, त्यानंतर तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि प्रत्येक वाडीतली दोन जाणती माणसे यांनी मिळून गावनकाशा हातात घेऊन त्या वाटांवरून एकदा चालावे, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहून घ्यावेत आणि त्या जमिनींच्या मालकांना, विशेषतः मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना, नोंद करण्यापूर्वी लेखी कळवून त्यांचे म्हणणे ऐकावे. चाकरमानी मोठ्या संख्येने गावी असतात ते गणपतीत, तेव्हा हे चालणे त्याच आठवड्यात ठेवले तर हरकती जागेवरच निकालात निघतील.

कळावे,

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी